स्वयंपाकघरात सांगितलेली गोष्ट

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. पुढे लिहिता लिहिता मी इतरांना नावं ठेवायला लागेन, तसा माझा स्वभाव आहे. एका मुलीनं आमच्या घरी, जेवता जेवता, मला एक गोष्ट सांगितली. ती तिच्या आईपर्यंत जायला नको होती. मी ती भरल्या हॉलात माइकवर सांगितली आणि ती तिच्या आईपर्यंत गेली.

बेंगळुरूतल्या आमच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मी तेव्हा सचिव होतो. बेळगावच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही शिकलो, तिथून नोकरीसाठी इकडे आलेले पुष्कळ जण आहेत. काही माझ्यासारखे सरकारी कारखान्यात केस पिकवलेले, तर काही कोरमंगलात स्वतःची कंपनी काढून बसलेले. मंडळाचा अध्यक्ष दुसऱ्या प्रकारातला. हॉस्टेलात तो माझा रूममेट होता. आम्ही सगळ्यांनी मिळून एक निधी उभा केला होता. सीमाभागातून येऊन बेंगळुरूत संशोधन करणाऱ्या मुलांना त्यातून शिष्यवृत्ती द्यायची आणि लागलं तर त्यांच्या प्रयोगशाळेला एखादं उपकरणही घेऊन द्यायचं.

या कामात मी मनापासून पडलो होतो आणि त्याला कारण होतं. माझी स्वतःची कॉलेजची फी एका जुन्या विद्यार्थ्यानं भरली होती. तो कोण, हे मला आजही माहीत नाही. दरवर्षी ऑफिसातले क्लार्क मान वर न करता म्हणायचे, "तुझे भरलेत, जा." त्या माणसानं मला कधी भेटायला बोलावलं नाही की माझा फोटो मागितला नाही. त्यामुळे ती फी कुणीतरी भरलेली आहे, हे माझ्या एकाही मित्राला कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

आमच्या मंडळात मात्र मनोगताची पद्धत होती. वार्षिक मेळाव्यात जेवणाआधी शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यानं उभं राहून चार शब्द बोलायचे. काय बोलायचं ते कुणी सांगत नसे, पण ज्याला त्याला ते आपोआप कळायचं. आधी घरची परिस्थिती, मग आई-वडिलांचे कष्ट, मग मंडळाचे आभार. एखाद्या वर्षी विद्यार्थी नुसता विषयाबद्दल बोलला, तर आमचे खजिनदार जेवताना म्हणायचे, "यंदा मनोगत कोरडं झालं बघा." सगळे हसायचे. मीही हसायचो.

ही मुलगी निपाणीकडच्या एका खेड्यातली. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, वडील लहानपणीच गेलेले. मुलगी इथल्या एका संस्थेत ज्वारीच्या मुळांवर काम करत होती. कमी पाण्यात तग धरणाऱ्या ज्वारीच्या मुळांभोवती कोणते जिवाणू राहतात, असा तिचा विषय. संस्थेच्या गच्चीवर तिच्या कुंड्या होत्या आणि सुट्टीच्या दिवशीही ती त्यांना पाणी मोजून घालायला जायची. तिथून मल्लेश्वरममधलं आमचं घर जवळ, म्हणून रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. घरात मराठी बोलायला मिळतं याचंच तिला अप्रूप होतं. "काकू, भात स्वल्पच घाला," म्हणायची आणि दोनदा घ्यायची. माझी बायको तिला सोबत डबा द्यायची. पुढच्या रविवारी तो डबा परत येताना त्यात मूठभर शेंगदाणे नाहीतर गुळाचा खडा असायचाच. तिच्या आईची शिकवण.

त्या रविवारी जेवताना बायकोनं सहज विचारलं, आई इकडे येते की नाही. मुलगी भात चिवडू लागली. मग म्हणाली, येते. आणि पुढे सांगू लागली.

पहिल्या वर्षी आई तिच्या पीजीत डबा घेऊन आली होती. न कळवता. दार रूममेटनं उघडलं. कोण तुम्ही, असं तिनं विचारल्यावर आई म्हणाली, मी त्यांच्या गावची, त्यांच्या घरी कामाला असते, आईनं भाकऱ्या पाठवल्यात. त्याच वेळी मुलगी जिना चढत होती. तिनं ते ऐकलं. आईच्या लुगड्याला वखारीचा वास येतो, मुलींसमोर आपल्या लेकीची मान खाली जाईल, म्हणून आईनं आपण होऊन ते केलं होतं.

"मी खाली उतरले, काका," ती म्हणाली. "परत वर आले, मुद्दाम चपला वाजवत. आत गेले. आई म्हणाली, आलीस व्हय बाई. मी पण काही बोलले नाही. रूममेटला वाटलं तेच वाटू दिलं."

तिच्या ताटातला भात गार झाला होता. बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलगी म्हणाली, आईला वाटतं की मला ऐकूच आलं नाही, म्हणून ती अजून येते. ते तिला कधी कळायला नको.

मी त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. माझे वडील संकेश्वरच्या बाजारात हमाल होते, मिरचीची पोती उचलायचे. हॉस्टेलात मी सांगून ठेवलं होतं की आमचं मिरचीचं दुकान आहे. एकदा ते लाडू घेऊन आले, डोळे लाल, सदऱ्याला ठसका लागेल असा वास, आणि मी रूममेटला म्हणालो, दुकानातला माणूस आहे. वडिलांनी ते ऐकलं आणि मान हलवली. हे मी त्या मुलीला सांगितलं असतं तर तिला कुणीतरी सोबत आहे असं वाटलं असतं. मी फक्त म्हणालो, "तू काही मनाला लावून घेऊ नकोस." आणि ताक वाढून घेतलं.

त्या वर्षी मेळाव्याला यायला तिनं नकार दिला. मुळं उपटायचा दिवस नेमका तोच होता आणि तो चुकवला तर सगळा हंगाम वाया जाणार होता. खरंही असेल, आणि तिला ते मनोगत नकोही असेल. मी म्हणालो, काही हरकत नाही, तुझ्या वतीनं मी बोलतो. तिनं एवढंच सांगितलं, "कामाबद्दलच बोला हां काका. सरी?" मीही तिच्यासारखंच कन्नडमध्ये म्हणालो, सरी, ठीक आहे.

तिच्या प्रयोगशाळेला नमुने साठवायचा खोल थंडीचा फ्रीजर हवा होता. मेळाव्यात त्यासाठीच आवाहन करायचं होतं. मी खूप तयारी केली होती. जिवाणू, मुळं, दुष्काळ, सगळं सोपं करून लिहिलं होतं. बोलायला लागलो आणि थोड्याच वेळात हॉल माझ्या हातातून निसटायला लागला. मागे ताटं मांडल्याचा आवाज. पुढच्या रांगेतले फोन बघताहेत. अध्यक्षानं मनगटावर बोट ठेवून मला खूण केली. मला आठवतं, मी कागद खाली ठेवला आणि म्हणालो, "या मुलीची आई एकदा तिला भेटायला आली होती." आवाज थांबले. फोन खाली गेले.

मी सगळं सांगितलं. जिना, चपला, सगळं. आईचं वाक्य मी निपाणीच्या बोलीत, बाईच्या आवाजात म्हणून दाखवलं. हॉलमध्ये आधी हसू आलं आणि मग बऱ्याच जणांनी डोळे पुसले. मी तिचं नाव घेतलं नाही, याचं मला त्याच क्षणी समाधानही वाटलं. पण निपाणीकडची, वखारीत काम करणाऱ्या बाईची, ज्वारीच्या मुळांवर संशोधन करणारी मुलगी एकच आहे. टाळ्या पुष्कळ वेळ चालल्या. मला त्या आवडल्या. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडल्या. फ्रीजरचे पैसे जेवणाच्या पंगतीतच जमले.

जेवताना मला आत कुठेतरी खुपलं. मी अध्यक्षाला बाजूला घेतलं. कार्यक्रमाचं चित्रीकरण करायला त्यानं माणूस लावला होता. मी म्हणालो, माझं बोलणं बाहेर जाऊ देऊ नकोस.

"छे रे," तो म्हणाला, "आपल्याच माणसांत राहील की."

आठवड्याभरात ते आमच्या ग्रुपवर आलं. तिथून बेळगावच्या ग्रुपवर, तिथून चिकोडीला, निपाणीला. कुणीतरी खाली लिहिलं होतं, लेकीला आईची लाज. वखारीतल्या बायकांपैकी एकीच्या मुलानं ते या मुलीच्या आईला जेवणाच्या सुट्टीत दाखवलं. मुलानं चांगल्या हेतूनंच दाखवलं असणार, तुमच्या पोरीचं कौतुक चाललंय म्हणून.

पुढच्या रविवारी मुलगी आली ती दारातच उभी राहिली. बायको म्हणाली, आत ये, पानं घेते. ती आली नाही. तिनं डबा पुढे केला. रडलेली दिसत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आईचा फोन आला होता. तिनं एवढंच विचारलं, तुला ऐकू आलं हुतं व्हय?"

मी काय म्हणतो ते ऐकायला ती थांबली नाही. ती जिना उतरून गेली. बायकोनं डबा उघडला. घासून लख्ख केलेला होता आणि रिकामा होता. बायकोनं झाकण परत लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरातलं बोलणं तुम्ही हॉलात नेलंत."

त्यानंतर मी काय केलं ते सांगतो. मी अध्यक्षावर चिडलो. मला खरोखर वाटत होतं की फसवणूक माझी झाली आहे. शब्द त्यानं दिला होता आणि मोडलाही त्यानंच. ऑफिसला दांडी मारून मी त्याच्या कोरमंगलातल्या कंपनीत गेलो. त्यानं कॉफी मागवली. मी न पिता बोलत राहिलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही, अजूनही मला तसं वाटत नाही. तो म्हणाला की त्यानं क्लिप फक्त ग्रुपवर टाकली, आणि ग्रुपवर आपलीच माणसं आहेत.

मग त्यानं विचारलं, "तिनं तुला सांगायला परवानगी दिली होती ना? मी तर तसंच धरून चाललो."

मी कॉफीचा कप उचलला.

"म्हणजे नव्हती दिली," तो म्हणाला. "मग मला कशाला बोलतोस रे?"

परत येताना रिक्षात मला त्याचा इतका राग आला होता की मी पत्ता चुकीचा सांगितला आणि शिवाजीनगरच्या बसस्टँडपाशी उतरलो. तिथल्या गर्दीत उभा राहून मला त्याच्याविरुद्ध एकही वाक्य सुचेना. तरी पुढे कित्येक महिने मी राग धरून राहिलो. तो धरून ठेवला की दुसरीकडे बघावं लागत नसे.

मुलीनं आमची शिष्यवृत्ती सोडली. मार्गदर्शकांना तिनं कारण सांगितलं नाही, संध्याकाळी शिकवण्या धरल्या. मंडळाचा फ्रीजर मात्र आला आणि आमच्या मंडळाची पाटी लावून तिच्याच प्रयोगशाळेत उभा राहिला. तिची मुळं त्यातच ठेवलेली. रोज तिला ते दार उघडावं लागत होतं. आणि आई यायची थांबली. ते मला बायकोकडून कळलं. बायको कधीमधी मुलीला फोन करायची आणि मुलगी तिच्याशी थोडंसं बोलायची. आई म्हणते वखारीत रजा मिळत नाही. आधी मिळत होती.

मी तिला एक मेसेज लिहिला. माझ्या बोलण्यानं तुला वाईट वाटलं असेल तर मी दिलगीर आहे. पाठवण्याआधी बायकोला दाखवला. तिनं चष्मा लावून वाचला आणि परत दिला. "असेल तर म्हणजे काय?" एवढंच म्हणाली. मी तो पुसून टाकला. दुसरा लिहिता आला नाही.

पुढच्या मेळाव्याआधीच्या बैठकीत मी मनोगताची पद्धत बंद करावी असं सुचवलं. खजिनदार म्हणाले, मग लोकांना कळणार कसं कुणाला देतोय ते. दुसरे म्हणाले, एका मुलीला राग आला म्हणून सगळ्यांची प्रथा मोडायची का. माझ्यापाशी उत्तर होतं, पण ते द्यायचं तर आधी संकेश्वरचा बाजार सांगावा लागला असता. विषय पुढे ढकलला गेला.

मेळाव्यात सचिवाचा अहवाल वाचायला मी उभा राहिलो. अहवाल वाचून झाला. मग मी सांगितलं की माझी फी या कॉलेजच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं भरली होती, त्यानं मला कधीही कुठे उभं केलं नाही, आणि माझे वडील दुकानदार नव्हते, हमाल होते. लाडू घेऊन आले होते तेही सांगितलं. मागच्या वर्षी मी जी गोष्ट तुम्हाला सांगितली ती माझी नव्हती, असं म्हणालो. माझी माझ्याकडे होती, ती झाकली आणि मुलीची खर्च केली. या वेळी कुणी डोळे पुसले नाहीत. दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबवल्या. जेवण वाढलं गेलं. या बोलण्याची क्लिप कुणी कुठे पाठवली नाही.

अध्यक्ष हात धुवायच्या जागी मला भेटला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"तो दुकानातला माणूस," तो म्हणाला. "त्यांनी मला दोन लाडू दिले होते. मी त्यांना, ए मामा, पाणी आण, म्हणालो होतो. आणि त्यांनी आणलं." त्यानं नळ बंद केला. "इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस. मी काय केलं असतं रे तुला?"

मी त्याच्यावर वर्षभर रागावलो होतो, आणि त्याहून कितीतरी जास्त काळ त्याला फसवत आलो होतो. माफी मागायची माझी सुरुवात त्याच्यापासून झाली, नळापाशी, ओल्या हातांनी. त्यानं ती घेतली की नाही मला नक्की माहीत नाही. तो रुमालानं हात पुसत निघून गेला. मनोगत मात्र पुढच्या वर्षीपासून त्यानंच बंद करवलं.

पुढे मुलीच्या पीएचडीच्या खुल्या मौखिक परीक्षेची सूचना संस्थेनं निधी देणाऱ्या सगळ्यांना पाठवली, म्हणून ती मलाही आली. जायला मला धीर होत नव्हता. बायको म्हणाली, "जा. आणि बोलायला म्हणून जाऊ नका. बसायला म्हणून जा." ती स्वतः बरोबर आली नाही. तिच्या हातचे बेसनाचे लाडू तिनं त्या डब्यात भरून दिले. ते मुलीच्या हातात द्यायचे, काकूंनी पाठवलेत म्हणायचं आणि आपलं नाव घ्यायचं नाही, असं बजावलं.

मी सगळ्यात मागे बसलो. पुढच्या रांगेत एक बारीक बाई हिरव्या लुगड्यात, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसली होती. तिच्या शेजारी एक मुलगी तिच्या कानाशी लागून, तुटक मराठीत तिला काही काही समजावत होती. पीजीत आईला दार उघडणारी जुनी रूममेट ती हीच, हे मला नंतर कळलं. आईला आणायला मुलगी आणि ती दोघी मिळून गावी गेल्या होत्या.

परीक्षा इंग्रजीत झाली. मुलगी नीट बोलली, एका प्रश्नावर अडली, मग माहीत नाही असं सरळ म्हणाली. शेवटच्या चित्रावर तिनं आभार मानले होते. आमच्या मंडळाचं नाव इतरांबरोबर तिथे होतं, फ्रीजरबद्दल. सगळ्यांत वर आईचं नाव होतं. टाळ्या झाल्यावर तिनं आईला हाताला धरून उभं केलं आणि सगळ्या विभागाकडे वळून कन्नडमध्ये म्हणाली, "इवरु नम्म अम्मा." या माझ्या आई. आईनं हात जोडले. तिच्या लुगड्याला वखारीचा वास येत असेल-नसेल, मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नव्हता.

चहाच्या वेळी मी डबा मुलीला दिला. काकूंनी पाठवलाय, म्हणालो. तिनं तो घेतला, झाकणावर हात ठेवला आणि आईकडे पाहिलं. "हेच ते काका," ती म्हणाली.

आईनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. आवाज चढवला नाही. "तुमीच व्हय. माझा आवाज हुबेहूब काढलासा म्हणं. आमच्या वखारीत बायका हसत हुत्या."

वडिलांची गोष्ट माझ्या ओठांवर होती. मी ती सांगितली असती तर या बाईचं मन हललं असतं, मला तेवढं कळत होतं. म्हणूनच मी ती सांगितली नाही. गोष्ट सांगून मनं हलवायचं काम मी हॉलात केलंच होतं.

मी म्हणालो, "तुमच्या मुलीनं घरात सांगितलेलं मी बाहेर नेलं. तिनं कामाबद्दलच बोला म्हणून सांगितलं होतं, तरी नेलं. लोकांनी ऐकावं म्हणून तुमची नक्कल केली. तुम्हाला कळू नये असं तिला वाटत होतं, ते माझ्यामुळे तुम्हाला कळलं. तुम्ही इकडे यायच्या थांबलात तेही माझ्यामुळे. दुसऱ्या कुणाचा यात दोष नाही. मला तुमची माफी मागायची आहे." मग मुलीकडे वळलो. ती डबा छातीशी धरून उभी होती. "तुझीही. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि मी तो मोडला. माझं चुकलं."